नवरदेव ऐन मुहूर्ताला गायब

अहो वहिनी, राहू द्यात ते कपडे दोरीवर, एवढ्यात काही पाऊस येत नाही. या अशा फेन्सजवळ. अजून जवळ या, पलीकडच्या त्या बाई लॉनवरच आहेत, आणि त्यांना मराठी कळत नाही असं आपण नुसतं समजतो. ऐकलंत का? नोबिता स्वतःच्या लग्नातून पळाला!

कोण नोबिता म्हणून काय विचारता! तुमच्या धाकट्याने अख्खं लहानपण ज्याच्यासमोर मांडी घालून काढलं, तो. चश्मेवाला. परीक्षेत शून्य मिळवणारा. निळा बोका पाठीराखा असलेला, हां, तोच. आणि पळाला कुठे, तर आपल्या डॉक्टरीणबाईंच्या हॉलमध्ये, पासष्ट इंची टीव्हीवर, केळवणाच्या पंगतीनंतर! समोर सोफ्यावर खराखुरा नवरदेव, त्याची आई, त्याची होणारी सासू, आणि नातसून बघायला म्हणून कराडहून आलेली त्याची आजी. तुम्ही शनिवारी नेमक्या बर्मिंगहॅमला गेलात, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, वहिनी काहीतरी चुकवणार.

तर मुळापासून सांगते. कोपऱ्यावरच्या काकूंच्या थोरल्याचं ठरलंय, ते तर तुम्हाला माहीतच आहे. मुलगी लेस्टरची. चांगली आहे हो, मला आवडली. भुवया जरा जास्त कोरते, पण बोलायला मोकळी. साखरपुडा झाला दिवाळीत, मंडळाच्या डॉलिस हिलच्या हॉलमध्ये रिसेप्शन घ्यायचं की हॉटेलात, यावरून दोन्हीकडच्यांत जे काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. आणि हेही माहीत आहे, म्हणजे असणारच, की पोरगा नोटीस द्यायला जात नाहीये.

नाही? अहो, काय सांगता! इथे नुसती सप्तपदी घेऊन कुठे भागतं, कागदोपत्री लग्न व्हायला रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यावी लागते. दोघांनी स्वतः जायचं, पासपोर्ट दाखवायचा, मग नावं तिथे लावतात, 28 दिवस कुणाची हरकत येते का बघतात, तेव्हा कुठे पुढचं. तर याची अपॉइंटमेंट एकदा ऑफिसातल्या कामामुळे रद्द, मग गाडीच्या सर्व्हिसिंगमुळे रद्द. सर्व्हिसिंग! आणि तिकडे आजीचा व्हिसा मोजून सहा महिन्यांचा. काकू दिवस मोजतायत, आजी माळ ओढतायत, आणि हा आपला 'बघू, करतो' असं म्हणत वर खोलीत.

तर काय सांगत होते... हां, केळवण. डॉक्टरीणबाईंनी बेत झकास केला होता, नाव ठेवायला जागा नाही. मसालेभात, अळूवड्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, बासुंदी. अळूची पानं ईलिंग रोडवरून आणलेली, दर पान निवडून. बासुंदी इव्हॅपोरेटेड मिल्कच्या डब्यातली, ते मला पहिल्या वाटीलाच कळलं, पण मी बोलले नाही. लेस्टरच्या विहीणबाई मात्र बोलल्या. "छान दाट झालीये, आमच्याकडे आटवायला चार तास जातात." डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा झाला... पण ते राहू द्या.

जेवणं झाली, विडे झाले, पुरुषमंडळी कॉन्झर्व्हेटरीत क्रिकेटवर गेली. पोरंटोरं म्हणाली सिनेमा लावू. बरं, लावा. आता घरात नवरदेव बसलाय, त्याची आजी बसलीये, काहीतरी हसतंखेळतं लावावं की नाही? लावलं काय, तर 'स्टँड बाय मी डोरेमॉन 2'. मला काय ठाऊक, मला वाटलं मांजराचं कार्टून आहे, आजींना बरं वाटेल. आजी अगदी पुढच्या खुर्चीत, नऊवारीवर फ्लीस, पायांत लोकरी मोजे, मांडीवर हॉट वॉटर बॅग, अडकित्ता हातात. मीच चश्मा पुसून दिला त्यांना.

आणि सुरुवातच कशाने? नोबिताला सापडतं त्याचं जुनं कापडी अस्वल. फाटलेलं, ठिगळ लावलेलं. ठिगळ लावलेलं आजीने. ती आजी तो बालवाडीत असतानाच गेलेली. झालं! याला आजीची आठवण येते, टेबलाच्या खणात टाइम मशीन असतंच, बसतो आणि थेट आजीच्या काळात. एवढा मोठा चौथी-पाचवीतला पोर समोर उभा राहून सांगतो, मी नोबिता. आणि आजी काय करते? संशय नाही, आरडाओरडा नाही, लगेच विश्वास ठेवते. आपल्या आजी एकदम मोठ्याने म्हणाल्या, "ठेवणारच की! नातवाला आजी ओळखणार नाही होय?" सगळे हसले. नवरदेवही हसला. तिथवर सगळं गोड होतं.

मग ती पडद्यावरची आजी म्हणते, आता एकदा तुझी बायको बघायला मिळाली तर बरं होईल.

वहिनी, हॉलमध्ये सुपारी कातरल्याचा आवाज थांबला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी बासुंदीकडे बघितलं. विहीणबाईंनी जावयाकडे बघितलं. आणि जावयाने मोबाइलकडे. कराडच्या आजी मात्र खुशीत, हात वर करून म्हणतात, "बघा, जपानातसुद्धा हेच!" आता यावर कोण काय बोलणार!

ती गोष्ट काही आजची नाही, बरं का. माझ्या भाच्याने सांगितली मला सगळी कुळकथा, तो याच्यात पीएचडी करेल एक दिवस. फुजिको फुजिओ नावाने लिहायचे ते, म्हणजे हिरोशी फुजिमोतो, त्यांनी डोरेमॉन सुरू केला 1969 च्या डिसेंबरात, लहान मुलांच्या सहा मासिकांत एकदम. बालवाडीच्या पोराला वेगळा, चौथीच्या पोराला वेगळा. ही आजीची गोष्टही तेव्हाचीच, सुरुवातीच्या दिवसांतली. फुजिमोतो गेले 1996 साली. त्या गोष्टीत आजी बायको बघायची म्हणते आणि नोबिता धावत परत येऊन शिझुकाला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का. तिथे गोष्ट संपली. पुढे पन्नास वर्षं ती आजी ताटकळत बसली म्हणायची! 2020 च्या नोव्हेंबरात हा सिनेमा आला तेव्हा कुठे तिच्या मनातलं पुरं करायला कोणी निघालं. तोही ऑगस्टात यायचा होता, कोविडमुळे लांबला. इथे नेटफ्लिक्सवर आला 2021 च्या ख्रिसमसला, आदल्या संध्याकाळी. ज्यांनी काढला त्यांच्यातले एक, यामाझाकी, त्यांना पुढे 2024 ला गॉडझिलाच्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे राक्षस आणि नवरदेव, दोन्ही एकाच माणसाच्या हातचे. हे म्हणाले, त्यात फरक काय! ह्यांचं आपलं काहीतरी.

तर काय सांगत होते, नोबिता. तो बोक्याला घेऊन भविष्यात जातो, म्हटलं लग्न बघून आजीला सांगू. तर लग्नाच्या दिवशी सगळे हजर. तो दांडगट जियान, तो श्रीमंताचा सुनियो, सूटबूट घालून. वधू नटून तयार. आणि नवरदेवाचा पत्ता नाही!

नाहीच! पळाला! का, तर म्हणे मी हिला सुखात ठेवू शकेन का, माझी लायकी आहे का. अहो, हे आधी नाही का सुचत? हॉल बुक झाल्यावर, पाहुणे आल्यावर, केसांत फुलं माळल्यावर सुचतं! आणि पळून कुठे जावं, तर टाइम मशीनने आपल्याच लहानपणात. तिथे आई रागावते, शाळेत शून्य मिळतं, पण निदान कुणाचा संसार डोक्यावर नाही. मग इकडे काय करायचं? डोरेमॉनने पोटाच्या खिशातून ते जादूचं कापड काढलं, लहान नोबितावर पांघरलं, त्याला वाढवला आणि उभा केला नवरदेव म्हणून. पाचवीतलं पोर लग्नाला उभं! मी पटकन म्हणून गेले, "आता इथे अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे, 2023 पासून कायदाच बदललाय." कुणी हसलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे आळीपाळीने बघत होते नवरदेवाकडे.

काकूंचा चेहरा मी तुम्हाला कसा सांगू... आधी हसू तसंच ओठांवर राहिलं, पण डोळे गेले. मग त्यांनी पदर सारखा केला, पंजाबी ड्रेसची ओढणी होती, पण पदरासारखीच केली. विहीणबाई ताठ. पाठ सोफ्याला टेकेना. डॉक्टरीणबाई पोरांवर दातओठ खातायत, "दुसरं काही सापडलं नाही का रे तुम्हाला?" आणि त्यांचा धाकटा रडवेला होऊन सांगतोय, "मी नाही लावला, मी नाही लावला."

आणि तेवढ्यात नवरदेव उठला.

उठला, बाहेर गेला, दार लागल्याचा आवाज आला. पुढचं दार.

वहिनी, त्या हॉलमध्ये टाचणी पडली असती तर... विहीणबाईंनी काकूंकडे असं बघितलं की मला तुमची आठवण आली, म्हटलं वहिनी हव्या होत्या. काका कॉन्झर्व्हेटरीतून येऊन विचारतायत, काय झालं, कुठे गेला? आणि ती लेस्टरची पोर, पाय वर घेऊन बसलेली, टीव्हीवरची नजरसुद्धा न हलवता म्हणते, "बसा हो सगळे. पळून नाही जात तो. बूट इथेच आहेत त्याचे."

खरंच होते बूट दारात! तो डॉक्टरसाहेबांच्या बागेतल्या चपला घालून गाडी हलवायला गेला होता, समोरच्या गोऱ्या आजोबांच्या ड्राइव्हवेपुढे लावली होती म्हणून. परत आला तर दहा जोड्या डोळे त्याच्यावर. "काय?" म्हणाला. काय म्हणे!

मला विचाराल तर, माझा राग नोबितावर नाहीच फारसा. घाबरतात पोरं. आपल्या वेळी घाबरायला सवड नव्हती, ठरलं की अंतरपाट धरला जायचा. ह्यांनीसुद्धा लग्नाच्या सकाळी दोनदा आंघोळ केली होती, सासूबाईंनीच सांगितलं मला. माझा राग वेगळाच आहे. त्या अख्ख्या सिनेमात सगळे नोबिताची समजूत काढतायत. त्याला त्याच्या जन्माच्या दिवशी नेतात, आईबापांनी काय काय स्वप्नं बघून नाव ठेवलं ते ऐकवतात. तो रडतो, बोका रडतो, आपणही रडतो. आणि शिझुका? ती लग्नाच्या कपड्यात थांबलीये. तिला कुणी नीट बसवून विचारलं का, बाई गं, तुला काय वाटतंय? तुला भीती वाटते का? तुझी लायकी, त्याची लायकी, तू काय मोजलंस? तिच्या जन्माच्या दिवशी कुणी टाइम मशीन घेऊन गेलं नाही!

अर्थात पहिल्या भागात तिच्या वडिलांचं आहे हो. 2014 चा तो. लग्नाच्या आदल्या रात्री पोरगी म्हणते मी गेले तर तुम्हाला एकटं वाटेल, नाहीच करत लग्न. तेव्हा ते सांगतात की हा मुलगा दुसऱ्याच्या सुखात सुखी होतो आणि दुसऱ्याच्या दुःखात कळवळतो, हे सगळ्यांत मोठं, तू निवड बरोबर केलीस. तिथे ह्यांनीसुद्धा चश्मा काढला होता, कांदा लागला म्हणाले. रात्री साडेदहाला कुठला कांदा! त्या भागाने जपानात आठ अब्ज येनच्या वर कमावले, रडण्यावर! पण तिने होकार कशापायी दिला होता, ते आठवतंय का? बर्फात डोंगरावर हरवली होती, हा वाचवायला गेला आणि स्वतःच अडचणीत. मग ही म्हणाली, याला एकटं सोडलं तर काही खरं नाही, जवळ राहायलाच हवं. म्हणजे नवरा नाही, जबाबदारी घेतली पोरीने! आपण हेच केलं म्हणा... पण आपल्याला निदान व्हायोलिन वाजवता येत नव्हतं. तिलाही येत नाही, ते सोडा. रताळी आवडतात तिला, भाजलेली, लपून खाते. तेवढ्यासाठी मला ती आपली वाटते. एकादशीला जमेल तिचं आपल्याकडे.

आणि ती सुशील, हुशार पोरगी, शेजारच्या बाकावर तो डेकिसुगी. सगळ्यात पहिला, दिसायला देखणा, स्वभावाने गरीब, स्वयंपाकसुद्धा येतो. एवढं स्थळ वर्गात असून... विहीणबाई तेच पुटपुटल्या. "तो दुसरा मुलगा बरा होता." हळूच म्हणाल्या, पण काकूंच्या कानाला काय हळू आणि काय जोरात! काकू म्हणाल्या, "फार हुशार मुलं घरात बोलत नाहीत हो." विहीणबाईंचे यजमान केंब्रिजचे आहेत आणि जेवताना एक अक्षर बोलले नव्हते. घ्या!

तर काय सांगत होते... हां, लावला कुणी.

पोरं म्हणतात आम्ही नाही. डॉक्टरीणबाईंच्या धाकट्याला तर बिचाऱ्याला फुटबॉल बघायचा होता. मी भांडी आवरायला आत गेले, तर ही मुलगी माझ्यामागून आली, बाह्या वर करून. मी म्हटलं, अगं राहू दे, नवरी तू. तर म्हणे, "काकू, डिशवॉशरला नवरी कळत नाही." आणि घासून घासून बशा लावता लावता म्हणते, "मीच लावला तो सिनेमा."

मी तिथेच थबकले!

अहो, ही जन्मली लेस्टरला. इथल्या टीव्हीवर डोरेमॉन आला तोच मुळी 2015 साली, तोवर ही घोडी झालेली. पण दर उन्हाळ्यात नाशिकला मामाकडे जायची ना, तिथे हंगामा चॅनेलवर दुपारभर तेच. हिंदीत. आपल्याकडे 2005 ला सुरू झाला, आणि या पोरांच्या पिढीला हिंदी शिकवलं असेल तर त्या बोक्याने, शाळेने नाही. बांगलादेशात तर 2013 साली बंदच केलं, पोरं बंगाली सोडून हिंदी झाडायला लागली म्हणून. हिचं हिंदी ऐकाल तर अगदी तसंच आहे, प्रत्येक वाक्याला लाडीक हेल. आणि आपला थोरला नऊ वर्षांचा होईपर्यंत कोथरूडला, त्याचंही तेच चॅनेल, तीच दुपार. पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणे दोन तास यावरच बोलले. मराठी संस्कार, पगार, घर, काही नाही. बोका! तिकडे अमेरिकेत म्हणे त्याच नोबिताचं नोबी केलं, शिझुकाची सू केली. याला तेही खटकलं होतं आणि हिलाही. तिथेच जुळलं.

मी म्हटलं, अगं पण आजच का लावलास? आज, या सगळ्यांदेखत? त्याच्या आजीसमोर? तर म्हणाली, "काकू, मी त्याला दोन महिने विचारतेय, काय झालंय. तो म्हणतो काही नाही. भांडून बघितलं, रुसून बघितलं. मला बोलायचं नव्हतं आता. मला फक्त तो सीन चालू असताना त्याचा चेहरा बघायचा होता."

बघितलास का, म्हटलं. "बघितला," म्हणाली. "मग?" तर हसली आणि डिशवॉशरची गोळी टाकून झाकण लावलं. पुढचं काही नाही! मला, वहिनी, मला काही सांगितलं नाही! एवढी माणसं पोटातलं ओठावर आणतात माझ्यापुढे, आणि ही...

पण थांबा, बाहेर काय झालं ते ऐका. मी हॉलमध्ये आले तोवर सिनेमा शेवटाला आलेला. मोठा नोबिता येतो अखेर, उशिरा पण येतो, आईबापांबद्दल, आजीबद्दल बोलतो. आणि मग लग्नाच्या कपड्यातच शिझुकाला घेऊन मागच्या काळात, आजीच्या दारात. ही बघ आजी, माझी बायको. सगळा हॉल रडतोय. डॉक्टरीणबाई टिश्यूचा बॉक्स फिरवतायत. विहीणबाईंचं काजळ गालावर उतरलं आणि त्यांना कुणी सांगेना, मीही नाही सांगितलं, बासुंदीबद्दल बोलल्या होत्या ना.

एक आजी काय त्या कोरड्या. अडकित्ता खाली ठेवला आणि नातवाला म्हणाल्या, "त्या म्हातारीचं पुढे काय होतं रे?" हा गप्प. कसं सांगणार? ती तर तो बालवाडीत असतानाच गेलेली, गोष्टच तिथून सुरू झाली. मग म्हणाला, "जाते आजी ती. पण तिने बघितलं." आजी म्हणाल्या, "मग घाई कशाला करता? मी काही इतक्यात जात नाही. व्हिसा संपला तर पुन्हा येईन. तुला भीती वाटत असेल तर वाटू दे, पण त्या पोरीला सांगून वाट." अहो, एवढं सरळ! काकूंनी सहा महिने ज्याचा घोर घेतला, ते त्या म्हातारीने सुपारी तोंडात टाकता टाकता सोडवून टाकलं. काकूंचा चेहरा पुन्हा पडला, पण वेगळ्या कारणाने. त्यांचं हुकमाचं पान आजीच होत्या ना! 'आजीसाठी तरी कर' आता कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग ती दोघं बागेत गेली. अर्धा तास. थंडी असून. मी खिडकीपाशी नव्हते हो उभी, पडदा सारखा करायचा होता. काही ऐकू आलं नाही, डबल ग्लेझिंग आहे डॉक्टरीणबाईंकडे. तो बोलत होता एवढं दिसलं. तोच बोलत होता, हात हलवून, आणि ती ऐकत होती. आणि आज सकाळी काकू बिन बाहेर काढताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीये दोघांनी. रजिस्टर ऑफिसची. मी 'अय्या हो?' म्हटलं. जणू मला काल रात्रीच त्यांच्या धाकटीने मेसेज केलाच नव्हता.

आणि गंमत सांगायची राहिलीच. मुळात नोबिताचं शिझुकाशी ठरलेलंच नव्हतं! जियानची बहीण नाही का, जैको, तिच्याशी व्हायचं होतं. पहिल्याच गोष्टीत भविष्यातून त्याचा पणतूचा मुलगा येतो, सेवाशी, आणि अल्बम दाखवतो. लग्न जैकोशी, पोरं सहा, धंदा काढला तो फटाक्यांनी जाळला, कर्ज एवढं की पणतूच्या मुलापर्यंत फिटेना. नववर्षाची पोस्त म्हणून त्या सेवाशीला मिळाले पन्नास येन. पन्नास! मग काय, दैव बदलायला बोका पाठवला. नोबिता विचारतो, मी दुसरीशी लग्न केलं तर तू जन्मशील कसा रे? तो म्हणतो, ओसाकाला गाडीने जा, विमानाने जा, पोचलास की झालं. म्हणजे आपलं लेस्टरला एम-वनने जा नाहीतर सेंट पॅन्क्रसहून ट्रेनने! पोराचं नावही पाहा, नोबिता आणि शिझुकाच्या मुलाचं, नोबिसुके. आजोबांचंच नाव, अगदी आपल्यासारखं. आणि कारटं म्हणे बापाच्या उलटं, दांडगट.

पण त्या जैकोचं काय झालं, ते कुणी विचारतं का? कर्ज नाही, सहा पोरं नाहीत, नोबिता नाही. चित्रकथा काढते ती. क्रिस्टीन गोदा नावाने. हातात कला, डोक्याला ताप नाही. मला विचाराल तर सगळ्यांत चांगलं तिचंच झालं.

आणि म्हणून तर तुम्हाला हाक मारली. हो, कपडे आत घ्या आधी, थेंब पडला एक, पण हे ऐकून जा. कराडच्या आजींच्या मनात या थोरल्यासाठी आधी दुसरीच मुलगी होती, त्यांच्या भाचीची. सांगूनही आली होती. याने फोटोसुद्धा नीट बघितला नाही. ती मँचेस्टरला असते आता, व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढते, स्वतःचा फ्लॅट आहे, भाड्याचा नाही. आली होती केळवणाला! सगळा सिनेमा खाली कारपेटवर बसून बघितला आणि जैको दिसली की एकटी टाळ्या वाजवायची. आजी अजून चार महिने इथे आहेत, शब्द टाकायला काय जातं? तुमचा धाकटा तिशीला आला, वहिनी, आणि तो काही बघणार नाही, हे तुम्हीच या फेन्सपाशी रडत सांगितलंत मला.

पत्रिका मागवून घेऊ? नाहीतर पत्रिका राहू द्या, रविवारी नुसतं जेवायला बोलवा तिला. मी येते अळूवड्या घेऊन. फक्त बासुंदी आटवा, डब्यातली नको, आणि टीव्हीचा रिमोट माझ्याकडे द्या.